डाव्या बगलेची किल्लेदारी

साखरेच्या डब्याचे झाकण खडखडले. डब्यावर फोन ठेविला होता, तो थरथरला, आणि रविवारचे तिसरे प्रहरी, पाच वर्षांच्या कन्येस थोपटून थोपटून, मोठ्या सायासाने घरात जी शांतता स्थापन केली होती, ती भंग पावली.

ते समयी राज्याची स्थिती कैसी होती, हे आधी लिहिणे अगत्य. नाहीतर पुढील पिढ्या विचारतील की एवढा रणसंग्राम एका जेवणाच्या टेबलावर मावला कैसा. तर बाहेरच्या खोलीत सोफ्यावर तीन मातबर असामी विराजमान. पहिले घरचे वडील, बाबा, जे जोड्यांच्या दुकानी चौतीस वर्षे रयतेची पावले मापून निवृत्त जाहले. दुसरे त्यांचे चिरंजीव, लिफ्टदुरुस्तीचे कारागीर, जे अवघ्या शहरास दहाव्या मजल्यावर चढविण्याचा बंदोबस्त करितात, आणि स्वतः दोन मजले चढले की भिंतीस हात लावोन उभे राहतात. तिसरे वरच्या मजल्यावरील चष्मेवाले, ज्यांस दूरचे उत्तम दिसते, परंतु जेवणानंतर आपण दर रविवारी कोणाच्या सोफ्यावर पडलो असतो, हे मात्र दिसत नाही. या त्रिवर्गाने आपल्या लाडक्या फुटबॉल क्लबाचा समग्र कारभार वीस वर्षे याच सोफ्यावरून हाकिला. क्लबास याची खबर नव्हती, हा भाग अलाहिदा.

चौथी असामी घरची सून, लिफ्टवाल्यांचे कुटुंब, ती आत भांडी विसळीत होती. हिचे पूर्ववृत्त ऐसे की लग्नाआधी सहा आणि नंतर दोन, ऐशी आठ वर्षे ती खऱ्या मैदानात, खऱ्या चिखलात, शहरच्या महिला संघाची डावी बॅक होती, आणि तिच्या बाजूने गेलेला शत्रू सहसा चेंडू घेऊन परत आला नाही. परंतु सोफ्यावरील मसलतीत हा मजकूर निघत नसे. तेथे फक्त जाणकारांस प्रवेश.

तर तो फोन तिचा होता. संघाची कर्णधार, जी इस्पितळात परिचारिका, तिचा खलिता आला होता: “आज साडेपाचला सराव. डावी बाजू रिकामी आहे. येतेस का? आज नाही आलीस तर दुसरी घेते गं, रागावू नकोस.” सूनबाईंनी तो ओल्या हातांनी तीन वेळा वाचिला, आणि पाच वर्षांत ज्या जागी काही हलले नव्हते त्या जागी काही हलले, आणि मग हात पुसोन, शब्दांची जुळवाजुळव करोन ती बाहेरच्या खोलीत दाखल जाहली, आणि तोंड उघडणार, तोच सोफ्यावरचे तिन्ही फोन एकदम किंचाळले.

खबर भयंकर होती. क्लबाने नवा सरदार चाकरीस ठेविला होता, आणि तो आघाडीचा होता. आघाडीस आधीच तिघे बसोन खात होते, हा चौथा. आणि डाव्या बगलेस बॅक नाही तो नाहीच.

मग जो गलबला उठला त्याचे वर्णन काय करावे! लिफ्टवाल्यांनी जाहीर केले की क्लबाचा व्यवस्थापक आंधळा आहे. चष्मेवाल्यांनी धंद्यास स्मरून सांगितले की आंधळा नव्हे, लांबचे दिसत नाही. आणि मग वाद तेथे गेला जेथे तो दर वेळी जातो, म्हणजे नऊ वर्षे मागे, जेव्हा क्लबाने आपल्याच अंगणात वाढविलेला डावा बॅक, ज्यास प्रजा ‘खांब’ म्हणे, विकोन टाकिला, आणि त्याचे जागी ‘तुफान’ नामे आघाडीवीर आणिला. तुफानाने सबंध हंगामात दोन गोल केले, पैकी एक आपल्याच जाळ्यात. आणि त्या विक्रीचे दिवशी बाबांनी याच सोफ्यावर एक वाक्य उच्चारिले होते, ते चिरंजीवांनी नऊ वर्षे, जैसे घरचे सोने जपावे तैसे, जपोन ठेविले होते.

“तुम्हीच म्हणाला होतात बाबा! ‘जाऊ दे त्याला, बॅक काय, कुणीही उभा राहतो!’”

“मी असं म्हणालोच नव्हतो.”

“चष्मेवाले साक्षीला आहेत!”

चष्मेवाल्यांनी फर्माविले की त्यांस दोन्ही बाजू पटतात. त्यांस नऊ वर्षांपूर्वीही दोन्ही पटल्या होत्या.

सूनबाई म्हणाली, “अरे, मला जरा...” तो उत्तरी हुकूम आला, “चहा? हो, टाक ना!” ऐसे पहिले आक्रमण मोडून पडले. चहा जाहला. घड्याळात चार वाजले.

मग कपांची फौज टेबलावर उभी राहिली. तीन कप आघाडीस, चौथाही आघाडीस, कारण क्लबाचा निर्णय, रिमोट मध्यावर, बाबांचे चष्म्याचे घर उजव्या बगलेस, आणि जाळ्यात गोलरक्षक म्हणोन कन्येचे रबरी बदक. डाव्या बगलेस टेबलाचे उघडे लाकूड. तिघांनी त्या उघड्या लाकडाकडे ऐसे दुःखाने पाहिले की जणू घरचे कोणी गेले. या विलापाने कन्येची झोप मोडली, आणि ती गालावर उशीची घडी घेऊन, आपले बदक लढाईवर गेलेले पाहोन, आईच्या कमरेस बिलगली. आईने तिच्या केसांतून हात फिरविला, आणि घड्याळ पाहिले. साडेचार.

तेव्हा लिफ्टवाले उभे राहोन, टेबलावर मूठ आपटोन बोलिले, आणि हे भाषण अक्षरशः लिहून ठेविणे जरूर, कारण पुढे तेच पुराव्यास आले. “बॅक नुसता उभा राहत नाही, बाबा! तो वर पळतो! अख्खी चढाई त्याच्या जिवावर होते!”

बाबा गरजले, “आणि तो वर गेला की मागे भगदाड पडतं, ते कोण बुजवणार? तुझा मामा?”

“बाकीच्यांनी मागे यायचं! एवढी साधी गोष्ट आहे! एक पुढे गेला की दुसऱ्याने त्याची जागा धरायची. नाहीतर टीम कशाला म्हणायचं?”

मग, नऊ वर्षांत प्रथमच, बाबांनी मान डोलाविली. “हे मात्र बरोबर बोललास.” चष्मेवाले म्हणाले, “शंभर टक्के.” तिघांत एकमत जाहले. ऐसा योग घरात पूर्वी आला नव्हता.

सूनबाईंनी हाच समय साधिला. पुढे होऊन तिने आपला फोन, त्या खलित्यासकट, टेबलाच्या डाव्या उघड्या लाकडावर ठेविला, आणि म्हणाली, “परत म्हण.”

“काय?”

“आत्ता म्हणालास ते. एक पुढे गेला की काय करायचं?”

“दुसऱ्याने त्याची... जागा धरायची,” लिफ्टवाले म्हणाले, आणि वाक्य पुरे होता होता त्यांचा आवाज ऐसा उतरला, जैशी त्यांचीच एखादी लिफ्ट.

“मग साडेपाच ते साडेसात मी वर जातेय. मागे कोण येतंय?”

त्रिवर्गाने खलिता वाचिला. लिफ्टवाल्यांनी “आजच?” ऐसा एक बाण सोडोन पाहिला, तो वाया गेला. मग “हिची अंघोळ...” ऐसे म्हणाले, तो सूनबाई वदली, “तिला साबण लावता येतो, तुला नुसतं शेजारी उभं राहायचंय. बॅकसारखं.” चष्मेवाल्यांस एकाएकी आठवले की वर गॅसवर काही राहिले, आणि ते दाराकडे सरकले, परंतु दारात आधीच ती उभी. “भाऊजी, तुम्ही मधली फळी. कप विसळायचे.” चष्मेवाल्यांस या खेपेस एकच बाजू पटली.

लिफ्टवाले स्टुलावर चढले, आणि माळ्यावरून कापडी पिशवी काढली. तीत तिचे बूट. पाच वर्षांत तिने ती पिशवी उघडली नव्हती, तसा प्रसंगच आला नव्हता. बुटांचा आकार राहावा म्हणोन आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते, आणि तिने एक बोळा उलगडला, तो तारीख याच वर्षीची. दुसरा उलगडला, तोही याच वर्षीचा. तिने नवऱ्याकडे पाहिले. नवरा माळ्याचे दार नीट लागते की नाही, हे फार बारकाईने तपासीत होता.

सबब या बखरीत त्यांजविषयी वर जे वाकडे लिहिले, त्यातील निम्मे वजा धरावे. निम्मेच.

परंतु दैव आडवे आले. बूट पायात जाईना. अंगठा घुसला, टाच बाहेर. ओढोन पाहिले, वाकोन पाहिले, आणि घड्याळात पाच वाजोन गेले, आणि तिचे डोळे भरोन आले ते कोणास दिसू नयेत म्हणोन ती बंद सोडवीत बसली.

तेव्हा बाबा सोफ्यावरून उठले. गुडघे कुरकुरले, तरी खाली फरशीवर बसले, आणि सुनेचे पाऊल हाती घेतले.

“बाबा, अहो, काय करताय!” तिने पाय मागे ओढिला.

“गप बस. हे माझं काम आहे.” त्यांनी टाच तळहातावर तोलिली. “बाळंतपणात पाऊल वाढतं, अर्धा नंबर. चौतीस वर्षं बघतोय, बायका दुकानात येऊन म्हणतात, बूट आकसला. बूट नाही आकसत, पोरी.” आणि नखाने आतला तळ उपसोन काढिला, बंद खालच्या दोन भोकांतून ढिले केले, आणि जीभ पुढे ओढोन म्हणाले, “आता दे.” पाऊल आत गेले. किंचित आवळले, परंतु गेले.

“आणि तेव्हा मी म्हणालो होतो ते,” बाबा खालीच पाहत पुटपुटले, “बॅकचं. चुकलंच जरा.” चिरंजीवांनी हे स्पष्ट ऐकिले, आणि आश्चर्य ऐसे की पुन्हा म्हणावयास लाविले नाही.

येणेप्रमाणे तह जाहला: की दर बुधवारी आणि रविवारी, म्हणजे सरावाचे दिवशी, डावी बगल सूनबाईंचे हवाली, की ते समयी अंघोळ, अभ्यास आणि रात्रीचे जेवण यांची पिछाडी लिफ्टवाल्यांनी आणि बाबांनी सांभाळावी, की चष्मेवाल्यांनी आल्यास कामास यावे, नाहीतर वर आपल्या घरी पडावे, आणि क्लबाच्या चौथ्या आघाडीवीराचे काय करावे ते क्लबाने आपल्या अकलेने पाहावे. ऐशी ही मोहीम, पाच वर्षांच्या वेढ्यानंतर, एका दुपारी, चार कप चहा खर्ची पडोन फत्ते जाहली, आणि किल्लेदारीण दुसऱ्या बुटाचा बंद बांधावयास खाली वाकली.

कन्या बदक काखोटीस मारोन केव्हाची उभी होती. तिने सगळी मसलत ऐकिली होती, आणि विकलेल्या खांबाची व बाकावर बसविलेल्या राखीव गड्यांची कथा तर ती दर रविवारी ऐके. ती आईच्या तोंडासमोर उकिडवी बसली आणि विचारती जाहली:

“आई, तुला तेव्हा कुणी विकलं होतं? की तू आपली आपणच बाकावर जाऊन बसलीस?”