मंगळावरचं पाण्याचं टायमिंग

निशा साळवेच्या हातून त्या आठवड्यात दोन हजार दोनशे माणसं तहानेनं मेली, आणि अजून शनिवार उजाडायचा होता.

सगळी मंगळावर मेली म्हणून बरं. निशा गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तपासनीस होती. विकायच्या आधी गेम खेळून पाहायचा आणि काय चुकतंय ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. सध्या तिच्याकडे मंगळावरच्या वसाहतीचा गेम होता. पाच घुमट, दोनशे माणसं, आणि जमिनीखालच्या बर्फातून काढलेलं थोडंसं पाणी. गेमला तीन पातळ्या होत्या: सोपी, मध्यम आणि खरीखुरी. खऱ्याखुऱ्या पातळीवर वसाहत शंभर दिवस जगवायची आणि ही पातळी खरोखरच खरीखुरी आहे की नुसतीच निर्दय, असा रिपोर्ट सोमवारी द्यायचा होता. निशाला नोकरीत कायम करायचं की नाही, ते त्या रिपोर्टवर ठरणार होतं. आणि तिची वसाहत काही केल्या एकोणिसाव्या दिवसापुढे जात नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी अकरावी वसाहत मेली तेव्हा तिचे वडील ज्ञानदेव मागे चहाचा कप घेऊन उभे होते. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसऱ्याचं काम उभं राहून बघायची सवय लागली होती.

"ह्या लोकांना पाणी किती वाजता येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं म्हणजे? असतंच ना. चोवीस तास."

ज्ञानदेवांनी कप टेबलावर ठेवला. भाईंदर पूर्वेला तीस वर्षं काढलेल्या माणसाला मंगळावर हवा नाही हे पटत होतं. पण पाणी कमी असताना कोणी नळ चोवीस तास चालू ठेवतं, हे काही केल्या पटेना. चोवीस तास नळ म्हणजे चोवीस तास गळती, असं ते म्हणाले. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि प्रश्न सुरू केले. टाकी वर आहे की खाली? लांबच्या घुमटाला प्रेशर किती मिळतं? व्हॉल्व्ह एकच आहे की प्रत्येक घुमटाला वेगळा? निशाला अर्ध्या प्रश्नांची उत्तरं माहीत नव्हती, ती तिनं शोधून काढली. प्रत्येक घुमटाला वेगळा व्हॉल्व्ह होता. आठवडाभर तिचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

इथे ज्ञानदेवांचा अधिकार सांगायला हवा. नवकिरण सोसायटीच्या तीन विंगांना पाणी सोडायचं काम अकरा वर्षं ते बिनपगारी करत होते. साडेसहाला ए विंग, सातला बी, साडेसातला सी. पंपखोलीची एकुलती एक चावी त्यांच्या लेंग्याच्या खिशात असे. शिवाय बी विंगचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो, हे फक्त त्यांना ठाऊक होतं. दुसरी चावी करून घ्या, असं मीटिंगमध्ये दरवर्षी कोणीतरी सुचवायचं. एका हातात असलेलं पाणी सगळ्यांना पुरतं, असं सांगून ज्ञानदेव दरवर्षी तो विषय संपवायचे. अकरा वर्षांत त्यांनी एक दिवसही चुकवला नव्हता, आणि हे ते स्वतःच लोकांना सांगत असत.

शनिवारी सकाळी साडेसहाला त्यांनी मोटर चालू करून ए विंगचा व्हॉल्व्ह उघडला, पंपखोलीला कुलूप घातलं आणि ते वर आले. सातपर्यंत वेळ होता, तेवढ्यात वसाहत सुरू करून देऊ, असा त्यांचा हिशोब. निशा वही घेऊन शेजारी बसली. गेममधला एक दिवस म्हणजे आपलं एक मिनिट, एवढं तिनं त्यांना सांगितलं. खऱ्याखुऱ्या पातळीवर गेम मध्येच थांबवता येत नाही, हे सांगायला ती विसरली.

ज्ञानदेवांनी पहिल्याच दिवशी पाचही घुमटांचं पाणी बंद केलं आणि प्रत्येकाला ठरलेली वेळ दिली. सगळ्यात लांबचा घुमट पहिला, कारण शेवटच्याचे नेहमीच हाल होतात. एकोणिसावा दिवस आला आणि गेला. टाकीत पाणी शिल्लक होतं. निशानं वहीत 'विसावा दिवस' असं लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं.

मात्र माणसांचं समाधान घसरायला लागलं. पडद्यावर त्याचा एक लाल आकडा होता, तो खाली खाली चालला होता. ज्ञानदेवांनी निशाला प्रत्येक घुमटाच्या दारात फलक लावून त्यावर पाण्याची वेळ लिहायला सांगितली.

"पाणी कमी आलं तर माणूस सांभाळून घेतो," ते म्हणाले. "कधी येणार तेच कळलं नाही, की भडकतो."

फलक लागले आणि आकडा खरंच वर चढला. निशा वडिलांकडे बघतच राहिली. पंचविसाव्या दिवशी धुळीचं वादळ उठलं. तेव्हा घड्याळात सात वाजले होते.

वादळात वीज गेली, पंप मंदावले, चौथ्या घुमटात आजारपण आलं. ज्ञानदेव उठायचं म्हणत होते, पण उठायच्या आत काहीतरी नवीन बिघडत होतं. गेम थांबव, असं त्यांनी सांगितलं तेव्हा तो थांबत नाही हे त्यांना कळलं. दोन मिनिटं तू बघ, असं म्हणून त्यांनी माउस निशाच्या हातात दिला. दारापर्यंत पोचतात तोवर तिनं घाबरून पाचही घुमटांचं पाणी एकदम सोडलं होतं. ते परत येऊन बसले. सव्वासातला त्यांची बायको वैजयंता स्वयंपाकघरातून येऊन म्हणाली, की आपल्या गच्चीवरून धो धो पाणी पडतंय. चावी द्या, मी जाते, असंही म्हणाली.

"तुला जमायचं नाही, तो व्हॉल्व्ह उलटा फिरतो," ज्ञानदेव पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "पाच दिवस थांब, येतोच."

वैजयंतानं हात जोडले आणि ती गॅस बंद करायला गेली.

साडेसातला बेल वाजली. दारात बी विंगचा हितेश शाह उभा होता. कमरेला टॉवेल, वर बनियन, डोक्याला साबण लावलेला आणि हातात रिकामी बादली.

"काका, पाणी?"

"हितेश, फक्त पंधरा मिनिटं. इथे दोनशे माणसं आहेत रे."

"अने आमच्या विंगमधी छप्पन घर छे, काका."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण बोलता बोलता त्याची नजर पडद्यावर गेली. हे लोक कोण, पाणी कुठून येतं, असं त्यानं सहज विचारलं. निशानं सांगितलं. त्यानं बादली उलटी घालून तिच्यावर बूड टेकलं. दहा मिनिटांनी सी विंगची मिनल आली. ती वीस जणांचे डबे पुरवायची आणि तिचे तांदूळ तसेच पडले होते. ती भांडायलाच आली होती आणि दोन वाक्यं चांगली भांडलीही. मग तिसऱ्या घुमटातली माणसं एवढी रोडावलेली का दिसतात, असं तिनं विचारलं. त्यांना जेवणात नुसतं शेवाळ देताय, मग दुसरं काय होणार, असं तिचं तिनंच उत्तर दिलं आणि निशाकडून बटाट्याची लागवड करून घेतली. हितेशच्या कपाळावर साबण वाळून पांढरा झाला होता.

"काका, एक विचारू?" तो म्हणाला. "इथे लांबच्या घुमटला पहिला नंबर. मग आपल्याकडे तुमच्या ए विंगला पहिला कसा काय?"

ज्ञानदेवांनी ऐकलं नाही असं दाखवलं. नव्वदावा दिवस होता.

सव्वाआठला शंभरावा दिवस उजाडला. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, दोनशेपैकी एकशे अठ्ठ्याण्णव माणसं जिवंत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, निशाच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. टाळ्या थांबल्यावर वैजयंता म्हणाली, की मोटरचा आवाज येत नाही.

खालची टाकी रिकामी झाली होती, मोटर कोरडी चालून जळाली होती. सोसायटीचं दिवसभराचं पाणी ए विंगच्या गच्चीवरून हितेशच्या स्कूटरवर पडून गटारात गेलं होतं. पुढचे दोन दिवस टँकर आला. ज्ञानदेवांनी दोन्ही दिवस बी आणि सी विंगच्या म्हाताऱ्यांच्या बादल्या स्वतः वर पोचवल्या. कोणी काही बोललं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

निशा रविवारी दिवसभर रिपोर्ट घेऊन बसली. वसाहत जगली, पातळी खरी आहे, एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं. पण तिला ते खरं वाटेना. शेवटी तिनं काय लिहिलं ते घरात कोणाला दाखवलं नाही. सोमवारी तिच्या साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि तिला कायम केलं. वैजयंतानं खीर केली. ज्ञानदेवांनी ती खाल्ली, पण वाटीकडे बघत खाल्ली.

महिन्याभरानं गेमची नवी आवृत्ती आली. एका रविवारी दुपारी निशानं वडिलांना खुर्चीत बसवलं. ज्ञानदेवांनी आपल्या पद्धतीनं वेळा ठरवल्या, फलक लावले, बटाटे पेरले. वादळ आलं आणि गेलं. सगळं सुरळीत चाललं होतं. चौतिसाव्या दिवशी दुसऱ्या घुमटाचं पाणी बंद झालं आणि पडद्यावर चौकट आली. ज्ञानदेवांनी चष्मा लावून ती मोठ्यानं वाचली.

"पाणी सोडणारा कामात गुंगला आहे. चावी त्याच्या खिशात आहे."

त्यांनी सगळी बटणं दाबून पाहिली. काहीच उपाय नव्हता. एकेचाळिसाव्या दिवशी दुसरा घुमट मेला, पन्नासाव्या दिवशी वसाहत.

"हे तू लिहून दिलंस?" त्यांनी विचारलं.

"खरंखुरं हवं होतं ना, पप्पा."

ज्ञानदेवांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग उठले, पायात चपला सरकवल्या आणि स्टेशनजवळच्या चावीवाल्याकडे गेले. तासाभरानं परत आले ते सरळ पंपखोलीत. हितेश आणि मिनलला त्यांनी खाली बोलावून घेतलं, दोघांच्या हातात एकेक चावी ठेवली आणि बी विंगचा व्हॉल्व्ह उलटा कसा फिरवायचा ते तीन वेळा दाखवलं. तिसऱ्या वेळी मिनलनं तो त्यांच्यापेक्षा लवकर उघडला. ते त्यांना फारसं आवडलं नाही, पण त्यांनी तिला शाबास म्हटलं. जाता जाता उद्यापासून पहिलं पाणी सगळ्यात लांबच्या सी विंगला, असंही सांगून टाकलं.

वर आल्यावर त्यांनी आपली चावी दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि ते निशाच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"तुझ्या साहेबांना लिही," ते म्हणाले. "तीन चाव्या ठेवा म्हणावं. कोणी मरणार नाही."

"मग गेम फारच सोपा होईल, पप्पा."

"होऊ दे की," ज्ञानदेव म्हणाले, आणि रिकाम्या खिशात हात घालून बाल्कनीत जाऊन उभे राहिले.