रेवणप्पा आणि लाल झाड

रेवणप्पा बिराजदार फोटोवाले समोरच्या माणसाच्या अंगावरच्या कपड्याचा रंग त्या माणसालाच विचारत असत. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की नमस्काराच्या आधी प्रश्न यायचा, "लुगडं कसल्या रंगाचं हाय?" लुगडं समोर, ते नेसलेली बाई समोर, रेवणप्पांचे दोन्ही डोळे शाबूत. तरी विचारायचं. बाई बिचारी लाजून नवऱ्याकडे बघायची आणि नवरा सांगायचा, "लाल." मग रेवणप्पा मान हलवायचे. "लाल चालत न्हाई. लाल फोटोत काळं उतरतंय. प्लेटला लाल दिसतच न्हाई की."

हे खरं होतं. त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटींना लाल रंग कळत नसे. लाल शालू नेसून आलेली नवी नवरी फोटोत कुणाच्या दहाव्याला आल्यासारखी दिसे. म्हणून दुकानात एक मोतिया रंगाचं लुगडं कायम घडी घालून ठेवलेलं असे. लाल नेसून आलेल्या बाईला रेवणप्पांच्या बायको, नीलाक्का, आत नेऊन ते नेसवायच्या. मंगळवार पेठेतल्या निम्म्या संसारांच्या भिंतींवर बायका वेगवेगळ्या आणि लुगडं एकच, असा प्रकार होता. त्यात आमचंही घर आलं.

पण रेवणप्पा बाजारातही विचारायचे. मिरच्यांच्या ढिगासमोर उभे राहून म्हणायचे, "ह्यातल्या लाल कुठल्या?" भाजीवाली म्हणायची, "थट्टा करतासा व्हय गरिबाची?" कलावंत माणूस, डोक्यात काहीतरी चाललं असेल, असं म्हणून आम्ही सोडून देत होतो. कलावंताला वेडेपणाची सूट द्यायची पद्धत आपल्याकडे आहेच, आणि ती द्यायला काही पैसे पडत नाहीत.

मी त्यांच्या शेजारी राहत होतो आणि शाळेत भूगोल शिकवत होतो. संध्याकाळी त्यांच्या दुकानात बसायची मला सवय होती. फोटो काढताना त्यांची गंमत बघण्यासारखी असे. गिऱ्हाइकाची मान लोखंडी आकड्यात अडकवायची, स्वतः काळ्या कापडात शिरायचं आणि आतून हुकूम सोडायचा, "हलू नका. जग हलतंय तेवढं बास हाय." मागे पडद्यावर डोंगर, तळं आणि एक बदक रंगवलेलं. बदकाचं तोंड गिऱ्हाइकाच्या कानात आलं की ते बाहेर येऊन गिऱ्हाइकाला वीतभर सरकवायचे.

तरी लोक त्यांच्याकडे यायचे ते नीलाक्कांच्या हातासाठी. आतल्या खोलीत खिडकीपाशी बसून त्या फोटो रंगवायच्या. गालाला गुलाबी, काठाला जर, कपाळाला कुंकू. फोटोत काळं निघालेलं कुंकू त्या इतकं नेमकं लाल करायच्या की घरी फोटो लावल्यावर सासवा म्हणत, ही आता बोलेल. त्या स्वतः मात्र फारशा बोलत नसत. नवरा-बायको आपसात कानडीत भांडायची, आणि मला काही कळत नाही असं दोघांना वाटायचं, तेही बरोबरच होतं.

एकदा एक वकीलसाहेब उन्हाळ्यात काश्मीरला जाऊन आले. तिथल्या एका मोठ्या झाडाखाली काढलेला आपला फोटो मोठा करून रंगवायला त्यांनी दुकानात टाकला. झाड चिनाराचं. नीलाक्कांनी चिनार कुठे बघितलेला? पण पेठेत दर थंडीत एक काश्मिरी शालवाला यायचा. त्यानं त्यांना सांगितलं होतं की बर्फ पडायच्या आधी चिनाराचं एकेक पान लाल होतं आणि झाड पेटल्यासारखं दिसतं. ते त्यांच्या मनात बसलेलं. त्यांनी आठ दिवस खपून झाड लाल केलं.

वकीलसाहेबांनी फोटो बघितला आणि हसायला लागले. "बाई, झाडाला गुलाल लावलात की काय? मी या डोळ्यांनी बघितलंय. पानं हिरवीगार होती." दुकानातले दोघे-तिघे हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. रेवणप्पांनी फोटो हातात घेतला, दारापर्यंत उजेडात नेला, खूप वेळ बघितला, आणि तिथूनच सगळ्यांसमोर विचारलं, "नीला, खरंच लाल केलंस का गं?"

नीलाक्का बाहेर आल्या. फोटो नवऱ्याच्या हातातून घेतला आणि वकीलसाहेबांना म्हणाल्या, "तुमचं काम दुसऱ्याकडनं करून घ्या." आत जाऊन त्यांनी ब्रश डब्यात घातले आणि डबा फळीवर ठेवला. त्या दिवसापासून रंगकाम बंद. कानडीतही नाही आणि मराठीतही नाही, घरात भांडणच होईना. तेव्हा मला काळजी वाटायला लागली.

महिनाभर रेवणप्पांनी दुकान ओढलं. मग एका मिलमधल्या अधिकाऱ्याचा फोटो त्यांनी स्वतःच रंगवला आणि कौतुकानं मला दाखवला. साहेबांच्या गालांवर चांगली लाली होती. ओठ मात्र पोपटाच्या पाठीसारखे हिरवे होते.

"रेवणप्पा," मी म्हटलं, "ओठ हिरवे का?"

"कुटं हिरवे?"

"हे काय."

त्यांनी फोटो तिरका केला, सरळ केला. मग उठून दुकानाचं दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन बसले. "मास्तर, मला लाल आन हिरवं येकच दिसतंय. जलमापासनं. दोनी मातकट. ही गोष्ट हिला ठाऊक हाय, आन आता तुमाला."

पंधरा वर्षं हा माणूस सोलापुरात रंगीत फोटो विकत होता. मला हसू यायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा बघून आलं नाही.

"त्या दिवशी वकील बोलला," ते म्हणाले, "आन मला तर दिसतच न्हवतं. लाल हाय का हिरवं हाय, मी काय सांगू? म्हणून हिला इचारलं. चारचौघांत इचारलं. आता ती माझ्याशी बोलत न्हाई, आन बोलली न्हाई तर मला सकाळी धोतरावरचा डाग कसला ते बी कळत न्हाई." मग म्हणाले, "काश्मीरला जाऊन येतो. लाल झाडाचा फोटो काढून आणतो. तुमी बी चला."

"मी कशाला?"

"डोळे लागतात की."

भूगोलाच्या मास्तरानं काश्मीर न बघता पोरांना काश्मीर शिकवावं हे काही बरं नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली. दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडली. रेवणप्पांनी मुंबईहून नव्या जातीच्या प्लेटी मागवल्या. या प्लेटींना लाल रंग कळत असे. त्यांच्या पेटीवर इंग्रजीत सूचना होती, ती मी त्यांना गाडीत दोनदा वाचून दाखवली: प्लेटी फक्त पूर्ण अंधारात उघडाव्यात, डार्करूममधला लाल कंदीलसुद्धा चालणार नाही. "बराबर हाय," ते म्हणाले. "लाल दिसतंय म्हणल्यावर लाल उजेड बी दिसणार." आणखी एक गोष्ट त्यांनी बरोबर घेतली होती. शेजारच्या नरसय्याच्या रंगखान्यातून सुताच्या पन्नासेक लडी, प्रत्येक वेगळ्या छटेची. नीलाक्कांना नुसतं 'लाल' सांगून चालत नसे, कुठलं लाल ते सांगावं लागे. पानाला लडी लावून बघायची, जुळली की त्या लडीला प्लेटीचा नंबर बांधायचा. हे काम माझं.

रावळपिंडीपर्यंत आगगाडी आणि पुढे दोन दिवस मोटार. थंडीनं माझे दात वाजत होते आणि रेवणप्पा गळ्यात सुताच्या लडी घालून खिडकीतून बाहेर बघत होते. श्रीनगरला तळ्याच्या काठी उतरलो. समोर तळं, मागे डोंगर. त्यांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "पडदा बरा रंगवलाय. बदक तेवढं न्हाई." तेवढ्यात दोन बदकं आली.

काही झाडं अजून हिरवट होती, पण बाकीची खरोखर लाल झाली होती. शालवाल्यानं काही वाढवून सांगितलं नव्हतं, उलट थोडं कमीच सांगितलं होतं. मी बघतच राहिलो. रेवणप्पांनी विचारलं, "कसलं हाय?" मी म्हटलं, "लाल." "कुठलं लाल?" मग मी पान घ्यायचो आणि एकेक लडी त्याला लावत बसायचो. आम्हाला झाडांपर्यंत नेणाऱ्या नावाड्याला वाटलं आम्ही सूत विकायला आलोय. दुसऱ्या दिवशी त्याची बायको येऊन माझ्या हातातल्या दोन लडी निवडून घेऊन गेली, आणि बदल्यात अक्रोड देऊन गेली. तिला समजावून सांगायला माझ्याकडे भाषा नव्हती, आणि अक्रोड चांगले होते.

नऊ-दहा दिवसांत अठरा प्लेटी झाल्या. रेवणप्पा एक फोटो काढायला अर्धा दिवस लावत. कॅमेरा उभा करून नुसते बाजूला बसून राहत आणि झाडाखालून जाणाऱ्या लोकांकडे बघत. मी कुडकुडत म्हणायचो, "अहो, झाड हलत नाहीये, काढा की." ते म्हणायचे, "थांबा हो." कशासाठी थांबायचं ते सांगत नसत. मी मनात चरफडत होतो, आणि एकदा-दोनदा मोठ्यानंही.

सोलापूरला परतलो त्याच दुपारी त्यांनी मला डार्करूममध्ये घेतलं. आजवर तिथे नीलाक्कांखेरीज कुणाला प्रवेश नव्हता. त्यांनी दार लावलं, फटी बुजवल्या, कंदील लावला, पेट्या उघडल्या आणि अठराच्या अठरा प्लेटी नंबरवार टेबलावर मांडल्या. पहिली औषधात बुडवली. ती काळी होत गेली. चित्र उमटेना, नुसती काळी. दुसरी काळी. तिसरीही काळी. रेवणप्पांनी मान वर केली आणि कंदिलाकडे बघितलं. मीही बघितलं.

लाल कंदील. पंधरा वर्षांची हाताची सवय. दार लावलं की हात आपोआप त्याच्याकडे जायचा, आणि तसा तो गेला होता. सूचना दोनदा वाचून दाखवणारा मी, त्याच लाल उजेडात हाताची घडी घालून निवांत उभा होतो. रेवणप्पांनी उरलेल्या प्लेटी एकावर एक रचल्या. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाहेर आलो तर नीलाक्का दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या. रेवणप्पा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"प्लेटी गेल्या. सगळ्या. मी कंदील लावला."

नीलाक्कांचा हात थांबला नाही. माझ्यानं राहवेना. मी सुताच्या लडी पुढे केल्या आणि म्हटलं, "वहिनी, झाड लाल आहे. मी पानाला लावून बघितलंय. ही बघा, ही आणि ही."

त्यांनी लडी बाजूला सरकवल्या. "मास्तर, हे तुमचं बगणं झालं. मला हेंचं ऐकायचंय." मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमाला दिसत न्हाई ते मला ठाव हाय. त्याचा राग न्हाई. पंधरा वर्सं माझ्या शब्दावर चाललात, आन त्या दिवशी वकिलाच्या शब्दावर गेलात. का?"

रेवणप्पांनी सुपाबाहेर सांडलेले ज्वारीचे दाणे वेचून सुपात टाकले. मी उठून जायला हवं होतं, पण मला उठता येईना.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तितं गेल्यावर मी झाडाकडं बगितलंच न्हाई. मला काय दिसणार? मी माणसांकडं बगत बसलो. तोंडं बगायची तेवढी मला येतात. काही झाडांखालनं माणूस जातोय तसा जातोय. पर काही झाडं हायत, तितं आला की थांबतोय. पाठीवर लाकडाची मोळी घेतलेला म्हातारा थांबला. पोर कडेवर घेतलेली बाई थांबली. वर बगतात, आन मग जातात. मास्तरांना इचारलं की तेच झाड लाल निघायचं. दर बारीला तसंच, येकदा बी चुकलं न्हाई. मग मी मास्तरांना इचारायचं सोडलं."

मला ते आठवलं. शेवटचे तीन दिवस त्यांनी मला रंग विचारलाच नव्हता. लडी जुळवायला सांगायचे तेवढंच. मला वाटलं होतं कंटाळले.

नीलाक्कांनी सूप खाली ठेवलं. "आन तुमी? तुमी बगितलं का वर?"

"बगितलं."

"काय दिसलं?"

"मातकट," रेवणप्पा म्हणाले. "आपल्या गावच्या घराच्या भिंतीवानी. पर सगळी थांबत हुती, म्हणून मी बी थांबलो."

नीलाक्कांनी डोळ्याला पदर लावला नाही की काही नाही. मग उठल्या, आत गेल्या आणि फळीवरचा डबा खाली काढला. ब्रश वाळून काटक्यांसारखे ताठ झाले होते. त्यांनी ते वाटीभर पाण्यात भिजत घातले आणि म्हणाल्या, उद्या सकाळपर्यंत मऊ होतील.