हिरव्या दिव्याची हजेरी

हेड क्लार्क चन्नप्पांच्या पदरात जे पडणार होतं ते असं: बीडच्या घरापासून तालुक्याच्या कार्यालयापर्यंतचा एसटीतला रोजचा उभ्याचा प्रवास वाचणार, दुपारची झोप घरच्या पलंगावर होणार आणि नोंद मात्र पूर्ण वेळ हजर अशीच राहणार.

साल दोन हजार सहा. वरून परिपत्रक आलं की देश पुढे गेला आहे, सबब प्रत्येक कर्मचाऱ्याने दहा ते सहा चॅटवर उपलब्ध राहावं. हजेरी तिथूनच धरली जाईल. चॅटचा प्रोग्राम कॉम्प्युटरवर कायमचा बसवून घ्यायचा की ब्राउझरमध्ये उघडायचा, ते कार्यालयाने आपल्या स्तरावर ठरवावं.

बैठक बसली. कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या एकट्या रुचिका मॅडम.

“सर, ब्राउझरच बरा. काही बसवायला नको. पासवर्ड टाकला की हजर, खिडकी बंद केली की बाहेर.”

“म्हणजे रोज येऊन उघडावं लागणार?” चन्नप्पांनी चष्मा काढला.

“हो सर.”

“आणि बसवून घेतला तर?”

“कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप उघडतो. नावापुढे हिरवा दिवा लागतो.”

“माणूस?”

“माणूस लागत नाही.”

प्रोग्राम बसवून घेण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. रुचिका मॅडमचा वेगळा अभिप्राय चहाबरोबर संपला.

पहिल्याच आठवड्यात दोष निघाला. कॉम्प्युटरला कुणी हात लावला नाही की थोड्या वेळात दिवा पिवळा पडे. म्हणून रोजंदारीवरचा शिपाई बंकट याला ‘माऊस हलवणे’ या कामी नेमण्यात आलं. वरून कुणी काही विचारलं तर टाइप करायला त्याला दोन शब्द शिकवले: ‘येस सर’. लोडशेडिंगमध्ये दिवे जाऊ लागले, तेव्हा जनतेच्या बाकावरच्या पंख्याचा इन्व्हर्टर काढून हजेरीला जोडला. कार्यालय इतकं हजर यापूर्वी कधीच नव्हतं.

दिवाळी झाली. कौशल्याबाई ऊसतोडीला निघाली होती; मुकादमाचा ट्रॅक्टर परवा सुटणार. स्थलांतराचा दाखला मिळाला तर लेक करिष्मा वसतिगृहात राहून सहावी करणार होती. नाहीतर तीही ट्रॅक्टरवर. दाखल्यासाठी कौशल्याबाई तालुक्याच्या कार्यालयात आली.

“सायेब कुटं गेले?”

“हायेत की. समदे हायेत,” एक माऊस हलवून दुसऱ्याकडे जात बंकट म्हणाला. “ह्ये बघा, हिरवेगार.”

“मला तर खुर्च्याच दिसतेत.”

“मावशी, खुर्चीकडं कावून बघता? तिथं आता कुणी नसतंय.”

दुसऱ्या दिवशी तिने बीड गाठलं. वरच्या कार्यालयाच्या रस्त्यावरच चन्नप्पा मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते.

“सायेब, तुमी हितं?”

“मी कार्यालयात आहे,” चन्नप्पा शांतपणे म्हणाले. “पटत नसेल तर वर विचारा.”

तिने विचारलं. वरच्या साहेबांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. “आहेत की जागेवर! थांबा, विचारतो.”

‘कौशल्याबाई आल्या होत्या?’

‘येस सर.’

‘दाखला दिला?’

‘येस सर.’

‘तक्रार निकाली काढू?’

‘येस सर.’

“बाई, असा तत्पर माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही.”

“पर सायेब, दाखला कुटं हाय? आन् त्यो मानूस खाली मेथी घ्यायलाय!”

साहेबांनी खिडकीकडे पाठ केली. “त्यांचा दिवा हिरवा आहे, बाई. तुमचा तर दिवाच नाही. खरं म्हणजे तुम्हीच इथे आहात की नाही, हा प्रश्न आहे.”

ताळेबंद असा निघाला. चन्नप्पांना उत्कृष्ट हजेरीचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते पोस्टाने घरी आलं. रुचिका मॅडम ब्राउझरवरच राहिल्या, त्यामुळे एसटी बंद पडली त्या दिवसांची रजा त्यांच्या नावे पडली. बंकटच्या नावापुढे दिवाच नव्हता. तो वर्षभर गैरहजर धरला गेला. आणि सगळ्यांच्या वतीने किंमत चुकती केली ती करिष्माने, ट्रॅक्टरवर बसून, सहावी गावात ठेवून.

वाचकांचं यात काही गेलं नाही. कामाच्या वेळेत आपण हे इथवर वाचत आणलंत आणि तिकडे आपला दिवा अजून हिरवाच आहे.