वाफनळीच्या मनाईची हकीकत

श्रीकृपेने लेखणी खरे लिहो, लिहिणाराची भीड मोडो. शके सतराशे नव्वद, विभवनाम संवत्सरी, एका राज्यात परदेशी व्यापारी वाफनळ्या घेऊन आले. नळी ओढावी, तो तोंडातून आंब्या-पुदिन्याच्या वासाची दाट वाफ निघे. तरुण सरदारांस ती गोड लागली, आणि दरबार वाफेने कोंदला, आणि लोक खोकू लागले. मग मनाई करावी की न करावी, याचा खल तीन महिने चालला. त्या राज्याचा रिवाज ऐसा की, हुकूम चोपदाराने त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी तीन वेळ ललकारावा, दुसऱ्याने ललकारू नये, न ललकारल्यास हुकूम कायमचा रद्द. चोपदार कुशाबा. त्याचा आवाज वेशीपर्यंत जाई, आणि त्या आवाजावरच त्याचे घर चाले.

धारराव सरदार झुरका घेऊन बोलले, "तोंड आमचे, छाती आमची. दरबाराने पहारा का करावा?" कान्होपंत कारभारी म्हणाले, "छाती आपली खरी, पण वास आमच्या पगडीत शिरतो. काल कुटुंब विचारते, कोणाच्या बागेत गेला होता?" दरबार हसला, आणि धाररावांनी मुद्दाम आणखी वाफ सोडली, आणि पंतांनी नाकास शेला लाविला. चोपदारास नाक झाकण्याची मुभा नव्हती. घरी बायको जानकी म्हणाली, "अहो, घसा पार बसलाय. दाराशी उभा राहतो म्हणून सांगा की." कुशाबा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आज दाराशी उभा राहिलो, तर उद्या दाराबाहेर." मग ज्येष्ठमध चघळीत तो पुन्हा सिंहासनाच्या उजवीकडे उभा राहिला.

अखेर महाराज कंटाळले, आणि एके दुपारी मनाई मंजूर केली, आणि आज्ञा जाहली, "कुशाबा, ललकार!" कुशाबाने चांदीचा दंड उचलला, छाती भरली, तोंड उघडले. नुसती हवा निघाली. पुन्हा उघडले. तीच गत. ऐसे करता सूर्य मावळला. धारराव हसून बोलले, "वा! चोपदार आमच्याच बाजूचा निघाला." पंत उसळले, "किती खाल्लेस रे सरदारांकडून?" कुशाबाने गळ्याकडे बोट केले. कोणी पाहिले नाही. मग कामचुकार ठरवून त्याचा दंड काढून घेतला.

एवंच, हुकूम रद्द जाहला, सरदारांची मोकळीक राहिली, पंतांनी पगडी धुतली. तीन महिन्यांत कुशाबास त्याचे मत कोणी पुसले नव्हते. दुसरे दिवशी नवा चोपदार त्याच जागी उभा राहिला, आणि कुशाबा घरी जानकीस हाक मारणे जाहल्यास पाटावर वाटी आपटू लागला. घडले ते लिहिले.