रुंजीच्या कपाटाचा खटका

एका जंगलात, बाळांनो, म्हणजे तुमच्या सोसायटीपेक्षा दोन-चार झाडं जास्त असतील अशा ठिकाणी, रुंजी नावाची अस्वलीण राहत होती. तिची गुहा नुकतीच नवी केलेली. काळा कुळकुळीत ओटा, ओट्याखाली लाकडी कपाट, कपाटाला दोन दारं.

समोरच्या उंबरावर साळुंकीकाकू राहायच्या. त्यांच्या फांदीवरून रुंजीचा ओटा स्वच्छ दिसायचा. ती फांदी त्यांनी काही मुद्दाम निवडली नव्हती. आधीच्या फांदीवरून नुसती गुहेची पायरी दिसायची, म्हणून बदलली, एवढंच.

रुंजीचं पिल्लू भोपू रांगायला लागलं होतं. आणि ओट्याखालच्या कपाटात होती विळी. विळीशेजारी फिनेल. फिनेल कशात? कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत. चांगली बाटली कोण टाकतं? तुमच्या घरी टाकतात का, बघून या.

एका सकाळी साळुंकीकाकू सहज बघत होत्या. भोपूने दार ओढलं, बाटली काढली आणि तोंडाला लावली. काकूंच्या घशातून असा आवाज निघाला, की नदीपलीकडची माकडं गप्प झाली. रुंजी धावली. बाटलीचं झाकण घट्ट होतं, म्हणून गोष्ट इथेच संपली नाही.

रुंजीने भोपूला छातीशी धरलं. "काकू, आज तुम्ही नसतात तर..."

"मी असतेच गं," काकू म्हणाल्या. "पण दुपारचा डोळा लागतो माझा. त्या दाराचं काहीतरी कर."

मग सुतारपक्षी आला. दोन दिवस टकटक करून त्याने दाराला आतून खटका बसवला.

"ताई, एकदम नवीन डिझाइन. दार लावलं की आपोआप बंद. उघडताना बाहेरून ही कळ दाबायची, मग दार जरा उचलायचं, मग ओढायचं. तिन्ही बरोबर जमलं तरच उघडतं. पिल्लाच्या बापालासुद्धा उघडायचं नाही."

हे शेवटचं लगेच खरं ठरलं. अस्वलरावांनी तीनदा प्रयत्न केला आणि "तुझं तू बघ बाई" म्हणून ते बाहेर उन्हात जाऊन बसले.

आता त्या जंगलात एक रीत होती. घरात नवीन काही बसवलं की सगळ्यांना बोलावून दाखवायचं, आणि सगळ्यांनी ते बघायला जायचं. न दाखवणारा शिष्ट, न जाणारा जळका.

बोलावण्याचं काम साळुंकीकाकूंनी आपणहून अंगावर घेतलं. कुणी हो म्हणायच्या आत त्या निम्मं जंगल फिरून आल्या. कोल्हीण आली, सांबरीण आली, घोरपड तर जावेला घेऊन आली. रुंजी भोपूला कडेवर घ्यायची, कारण खाली ठेवलं की तो रडायचा, आणि कपाटापुढे उभी राहायची.

"हे बघा. दाब. उचल. ओढ."

"अगं बाई," सगळ्या म्हणायच्या.

"परत एकदा दाखव," कोल्हीण म्हणायची. "मी तेव्हा पोहे खात होते."

असं दिवसातून आठ-दहा वेळा. पंधरा दिवस.

या दिवसांत भोपू बोलायला लागला. त्याचा पहिला शब्द 'आई' नव्हता. 'दाब' होता. दुसरा 'उचल'. रुंजीला जरा वाईट वाटलं.

"वाईट काय वाटायचंय त्यात?" काकू म्हणाल्या. "घरातल्या गोष्टींत लक्ष आहे पोराचं. आमच्या ह्यांचं आहे का?"

मग आलेल्यांना भोपूचं बोलणंही दाखवायचं ठरलं.

एका दुपारी रुंजी ओढ्यावर निघाली. भोपू झोपला होता. "काकू, लक्ष ठेवा हं."

"हे काय सांगायला लागतं?" काकू म्हणाल्या, आणि खरंच जाग्या राहिल्या.

त्यांच्या डोळ्यांदेखत भोपू उठला. रांगत कपाटापाशी गेला. त्याने दाबलं. उचललं. ओढलं. मग आत शिरून त्याने दार ओढून घेतलं. खट्.

काकू ओरडत आत झेपावल्या. चोच मारून मारून दुखायला लागली. अस्वलराव धडपडत आले. त्यांचा पंजा त्या कळीवर मावेना. इतक्यात रुंजी ओलीचिंब पळत आली. दीडशे वेळा उघडलेलं दार, पण आता तिने आधी ओढलं, मग दाबलं, मग नुसतं बडवलं.

आतून शांत आवाज आला, "आई, आधी दाब."

"दाबलंय रे राजा."

"आता उचल."

मग आवाज बंद झाला. आणि झाकण फिरल्याची बारीकशी करकर ऐकू आली.

अस्वलराव 'ओढ' ऐकायला थांबले नाहीत. त्यांनी दोन्ही दारं बिजागऱ्यांसकट उपटली. आत भोपू मांडी घालून बसला होता. एका हातात झाकण, दुसऱ्या हातात बाटली, ओठांपासून चार बोटांवर.

"सरबत," तो म्हणाला.

रुंजीने बाटली काढून घेतली. त्याचं तोंड हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि मग रडली. साळुंकीकाकूही रडल्या. पंधरा दिवस शिकवणीला जंगल कुणी गोळा केलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

डोळे पुसून रुंजी उठली. तिने फिनेल आणि विळी उचलून उंच कोनाड्यात ठेवली, जिथे अस्वलरावांनाही टाचा उंचवाव्या लागत. बिनदाराच्या कपाटात वाट्या आणि लाकडी चमचे ठेवले. दोन मिनिटांचं काम. भोपू त्यात बसून दिवसभर वाट्या बडवू लागला.

बातमी कळताच सगळ्या आल्या.

"आता नवीन काय बसवलंस?" कोल्हिणीने विचारलं.

"काही नाही. बाटली वर ठेवली."

"बरं. आणि?"

"आणि काही नाही."

कोल्हिणीने कोनाड्याकडे पाहिलं, मग उघड्या कपाटाकडे. पोहे अर्धे टाकून ती उठली. वाटेत सांबरिणीला म्हणाली, "घरात एवढंसं पोर, आणि कपाटाला दारं नाहीत. काही वाटतच नाही बाई लोकांना."

संध्याकाळपर्यंत सगळ्या जंगलाने सुतारपक्ष्याकडे खटके सांगितले.

"काकू, माझं चुकलं का?" रुंजीने विचारलं.

"नाही गं, अजिबात नाही," साळुंकीकाकू मायेने म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण रुंजे, आता तुझ्याकडे कुणाला घेऊन यावं, असं काही उरलं नाही बघ."

तात्पर्य : मूल सुरक्षित असावं हे खरंच. पण ते चार जणांना बोलावून दाखवता येईल असं सुरक्षित असावं. नुसतं सुरक्षित मूल काय, कुणाच्याही घरी असतं.