थावरूभाऊंचा बिनचूक टाइम

मनगटाला घड्याळ बांधून चुकूनही आमच्या थावरूभाऊंच्या समोर जाऊ नका. हा माणूस नमस्कार करत नाही, खुशाली विचारत नाही. आधी तुमचा हात धरतो, उलटा करतो आणि घड्याळ बघतो. मग चेहरा असा करतो, की तुम्हाला वाटावं आपली नाडीच लागत नाहीये. "मिंटभर पुढं हाय नं बावा! असं कसं चालते?" तुम्ही तोंड उघडायच्या आत चावी ओढून, काटे फिरवून मोकळा. माझ्या पुतणीच्या लग्नात तर त्यांनी भर मांडवात खुर्चीवर चढून कार्यालयाचं घड्याळ नीट केलं आणि भटजींना म्हणाले, "हां, म्हना आता मंगलाष्टक. मघा म्हनलं असतं तं मुहूर्त चुकला असता." भटजींनी मंगलाष्टकं उरकली आणि त्यानंतर थेट जेवतानाच तोंड उघडलं.

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये मी बिलं काढते आणि थावरूभाऊ गेट सांभाळतात. गेट सांभाळणं म्हणजे दांडकं घेऊन उभं राहणं नव्हे हं! कापसाची गाडी रांगेतून गेटाशी आली, की गेटावरच्या कॉम्प्युटरातून तिचं टोकन निघतं. त्यावर आल्याची वेळ छापलेली असते आणि त्याच क्रमानं आत वजनकाट्यावर नंबर लागतो. व्यापाऱ्याचा मोठा ट्रक असो की तांड्यावरचा खडखडता टेम्पो, जो आधी आला तो आधी. पूर्वी ज्याचा आवाज मोठा, त्याची गाडी पुढं असायची. ही टोकनाची पद्धत थावरूभाऊंनी शेठजींशी भांडून आणली. त्यांचे बंजारा पणजोबा बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे म्हणे. पणतू मात्र एका खुर्चीला असा चिकटलाय, की पाणी प्यायलाही टाइम बघून उठतो.

रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी ते गेटावरून ओरडतात, "घडी मिळवाऽऽ!" की लगेच ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ, भोंगेवाल्याचं घड्याळ, वॉचमनचं घड्याळ, शेठजींच्या केबिनमधलं सोनेरी काट्यांचं घड्याळ, सगळी गेटावरच्या कॉम्प्युटरशी मिळवायची. मोबाइलची वेळ त्यांना मंजूर नाही. "थो उधारीचा टाइम होय," म्हणतात. स्वतःच्या बटणाच्या फोनमध्येही ते गेटावर बघून हातानं वेळ लावतात. गेटावरचा कॉम्प्युटर इंटरनेटवरून वेळ घेतो, हे मी एकदा सांगून पाहिलं होतं. ते म्हणाले, "थे येगळं." का येगळं, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

तर झालं असं. कापसाचा हंगाम ऐन रंगात, गेटाबाहेर गाड्यांची रांग पार वळणापर्यंत. आणि आदल्या संध्याकाळी थावरूभाऊंनी कॉम्प्युटरचा कर्नल अपडेट केलेला! "कर्नल म्हंजे सिस्टीमचा गाभारा, ताई," त्यांनी मला समजावलं होतं. गाभारा असल्यामुळे नारळही फोडला होता. खोबरं मीही खाल्लं.

सकाळी सगळं झकास चाललं होतं. दुपार व्हायला आली तसा काट्यावरच्या गजाननचा आवाज आला, "भाऊ, हे टोकन घेतच नाही! म्हनते, हे टोकन अजून निंगालंच नाही!" म्हणजे गाडी काट्यावर उभी, टोकन हातात, आणि काट्याचा कॉम्प्युटर म्हणतोय की ही वेळ अजून यायची आहे. दुसरी गाडी, तेच. तिसरी, तेच. रांग जागच्या जागी थांबली आणि हॉर्न सुरू झाले.

थावरूभाऊ ताडकन उठले. टाइम न बघता उठले, यावरूनच प्रसंग ओळखा. "कोन्यातरी घडीत खोट हाय," म्हणत त्यांनी सगळ्या जिनिंगला फेरी मारली. वॉचमनचं घड्याळ बघितलं, गेटाशी बरोबर. भोंगेवाल्याचं, बरोबर. शेठजींचं, बरोबर. फक्त काट्याचा कॉम्प्युटर मागं. "पकडला!" ते ओरडले. "समदे एकीकडं अन् हा येकटा एकीकडं!"

आता सगळी घड्याळं त्यांनीच सकाळी आणि मग गर्दी वाढली म्हणून थोड्याच वेळापूर्वी पुन्हा गेटाशी मिळवून घेतली होती, हे त्या गडबडीत कोणाच्याच डोक्यात आलं नाही. चोरानं आपल्याच घरच्यांची साक्ष काढावी, तसा प्रकार. पुसदची एसटी बाहेरून गेली, पण ती रोजच उशिरा येते, तिची साक्ष कोण धरणार? माझ्या मोबाइलात वेगळीच वेळ दिसत होती. मी दाखवायला गेले, तर म्हणाले, "ताई, थो डबा पर्समंदी ठेवा."

मग त्यांनी काट्याच्या कॉम्प्युटरची वेळ हातानं पुढं केली. बिचाऱ्यानं मिनिटभरात ती परत मागं नेली, कारण तो इंटरनेटला विचारून चालत होता. यांनी पुन्हा पुढं केली, त्यानं पुन्हा मागं. "हट्टी हाय लेकाचा!" थावरूभाऊंना घाम फुटला. तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला, आणि मजूर पोटात भूक नसतानाच डबे उघडून बसले.

शेठजी केबिनमधून बाहेर आले. "थावरू, भोत झालं. अर्ध्या घंट्यात रांग नाही हालली तं तुहं टोकन-बिकन बंद. उघडा गेट, जाऊ द्या ज्याले जमते त्याले."

व्यापाऱ्यांच्या ट्रकवाल्यांनी लगेच इंजिनं सुरू केली. रांगेत पुढं एक म्हातारी नुकतंच मिळालेलं टोकन घेऊन टेम्पोच्या दांडीला धरून उभी होती, उजाडायच्या आधी आलेली. ती ओरडली, "थावरू, मंग आमी कायले झोपमोड केली रे?" थावरूभाऊंचं तोंड इतकं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते गेटात आडवे उभे राहिले.

आणि त्यांचा फोन वाजला.

हा फोन आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. त्यांची मुलगी सविता नागपूरला नर्स आहे. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून बाप बोलत नाही. तरी पोरगी रोज एकाच्या ठोक्याला, जेवणाची सुट्टी झाली की फोन लावते. थावरूभाऊ फोन समोर धरतात, वाजून थांबेपर्यंत बघत बसतात आणि खिशात ठेवतात. उचलत नाहीत. किती समजावलं, दगडाला पाझर फुटेल, पण यांना नाही.

त्या दिवशी त्यांनी फोन बघितला, मग गेटावरचा कॉम्प्युटर बघितला. त्यात एक केव्हाच वाजून गेला होता, पाऊण घंटा व्हायला आला होता.

"सवी चुकनार नाही," ते पुटपुटले. "मशीन चुकंल. सवी नाही चुकत."

आणि त्यांनी फोन उचलला! मी गजाननकडे बघितलं, गजानननं माझ्याकडे. थावरूभाऊ फोनात ओरडले, "कित्ती वाजले?" पलीकडून काहीतरी ऐकलं, डोळे विस्फारले, फोन खटकन बंद केला आणि खुर्चीकडे धावले.

"गेटच खोटं हाय! माहंच गेट!"

पुढचं मला समजलं तेवढं सांगते. कॉम्प्युटरच्या आत वेळ मोजायची साधनं एकाहून जास्त असतात. नव्या कर्नलनं भलतंच पकडलं, आणि ते मोकाट गोऱ्ह्यासारखं पुढं पळत सुटलं. इंटरनेटशी वेळ जुळवणारा प्रोग्राम थोडा वेळ ओढत राहिला, मग अंतर फार वाढलं तसा हात टेकून बसला. थावरूभाऊंनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नल निवडला, वेळ इंटरनेटशी जुळवून घेतली आणि छातीवर हात ठेवून बघत बसले. आम्ही त्यांच्या खुर्चीमागं गर्दी केली. घड्याळ चाललं, शहाण्यासारखं.

मग त्यांनी चुकीच्या वेळेची सगळी टोकनं त्याच क्रमानं पुन्हा काढून दिली. काट्यानं म्हातारीचं टोकन घेतलं! गजानननं शिट्टी मारली, रांगेतून "वा रे थावरू!" असा गलका झाला, आणि टेम्पो हलला. शेठजी केबिनमध्ये गेले आणि सोनेरी काट्यांचं घड्याळ मागं करत बसले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

मी थावरूभाऊंचा डबा आणून समोर ठेवला. ते उघडेनात. फोन हातात घेऊन बसले होते.

"ताई, तिनं टाइम सांगतला, अन् मंग इचारलं, 'बा, बाटी खादो कांई?' जेवलास का म्हने. अन् म्या फोन ठेवून देल्ला. मशीनची घाई होती नं."

"मग लावा की आता."

"काय सांगू?"

"जेवलो म्हणून सांगा."

"जेवलो कुठं? लेकीशी खोटं कसं बोलू?"

मी डोक्याला हात लावला. एवढ्या वर्षांनी बोलायचं, आणि हा माणूस तिथंही हिशेबाला चोख! थावरूभाऊंनी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावून तोंडात घातला आणि मगच नंबर लावला. तिकडून पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"खारोचू बेटी, खारोचू," ते म्हणाले. खातोय, बेटी, खातोय. आणि ते खोटं ठरू नये म्हणून भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.