झाड हाच पडदा

"आमच्या घरात एकही पडदा नाही!" मोठ्या जाऊबाईंना मी हे फोनवर अशा तोऱ्यात सांगितलं, जणू पडदा म्हणजे घरात झालेले ढेकूणच!

घर होतंच तसं. आधुनिक, काचेचं, निसर्गाशी एकरूप आणि आम्हाला परवडणारं! परवडलं कारण ते 'नमुना घर' होतं. अट एवढीच, की त्यात काही बदलायचं नाही आणि रविवारी पाहुण्यांना दाखवायचं. बाथरूमची बागेकडची अख्खी भिंत काचेची, बाहेर दाट झाड.

"झाड हाच पडदा, वहिनी!" आर्किटेक्ट म्हणाला. "भिंत म्हणजे भीती!"

लेकीचा चमचा तीनदा उकळणारी मी! प्लगची उंची विचारली, पायऱ्यांच्या कडा बोटाने तपासल्या, झाड विषारी नाही ना तेही विचारलं. ते झडतं का, एवढंच विचारलं नाही. पदवी माझी वनस्पतिशास्त्राची!

पानगळ आली. आठवड्यात झाडाचा खराटा झाला. पाठीला साबण कुठे लावायचा राहिला, ते समोरच्या गॅलरीतले शिंपीकाका सासूबाईंना सांगू शकले असते.

"मी काय दुकानातली बाहुली आहे काचेत ठेवायला?" सासूबाई कडाडल्या. "सोमवारपर्यंत आडोसा कर, नाहीतर मी चालले थोरल्याकडे!"

सोमवारीच माझी रजा संपत होती आणि लेकीला सांभाळणार होत्या सासूबाई. आर्किटेक्टला फोन लावला.

"झाड विश्रांती घेतंय, वहिनी. ऋतूंसोबत जगायला शिका."

"किती दिवस?"

"दोन-अडीच महिने."

"तोवर सासूबाईंनी आंघोळ करायची नाही?"

"ते तुमचं तुम्ही बघा. पडदा मात्र नको हं, करारात आहे!"

करारात पडदा होता, धुणं नव्हतं! रविवारी सकाळी मी फांद्यांवरून दोरी ओढली आणि लेकीचे चाळीस लंगोट, सहा दुपटी, दोन चादरी वाळत घातल्या. काच पार झाकली. दोरीच्या टोकाला खाली सुरगाठ मारली, कडेवर पोर असताना एका हाताने सुटावी म्हणून. केवढी दूरदृष्टी!

सासूबाई खूश होऊन आंघोळीला गेल्या आणि बागेतून आर्किटेक्ट उगवला. मागे अकरा विद्यार्थी! आता हा करार काढणार!

"बघा!" तो गहिवरला. "कुटुंबाने झाडाला पालवी दिली!"

अकरा मोबाइल वर झाले. माणूस लंगोटात तत्त्वज्ञान शोधू शकतो, हे मी आ वासून बघत राहिले. लेकीवरची नजर माझी तेवढ्यापुरतीच हलली! ती रांगत दोरीपाशी पोहोचली आणि टोक ओढलं.

सर्रकन पालवी गळाली.

आत सासूबाई, डोक्यावर फेस, डोळे घट्ट मिटून मोठ्याने गात होत्या. आर्किटेक्टने झटकन आभाळाकडे तोंड केलं.

"इथे... उजेड चांगला येतो," तो म्हणाला.

सासूबाईंनी डोळे उघडले. मग तांब्या आला! काचेला साधा चरासुद्धा पडला नाही. अख्ख्या घरात तेवढी एक वस्तू मजबूत निघाली.

सोमवारी सासूबाई थोरल्याकडे गेल्या. आता रोज ऑफिसला जाताना मी लेकीला तिथे सोडते. तिच्या पिशवीत, दुपट्यांच्या खाली, माझा टॉवेल असतो. जाऊबाईंच्या बाथरूमला पाटीएवढी खिडकी आहे, धुरकट काचेची. मी आत शिरले, की बाहेरून जाऊबाईंची टकटक होते.

"अगं, पडदाही लावून देऊ का?"